पेशीचे पाणी आणि पाटाचे पाणी

ईदच्या आदल्या रात्री आपल्या घराघरांतून शीरखुर्म्यासाठी खारका भिजत घातल्या जातात. रात्री सुरकुतलेली, लाकडासारखी कडक असलेली खारीक सकाळी फुगून मऊ झालेली असते आणि भांड्यातले पाणी किंचित गोड लागते. त्याच घरात उन्हाळ्यात लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवतात, तेव्हा बरोबर उलटे घडते. फोडींत पाण्याचा थेंब घातलेला नसतो, तरी सकाळी बरणीच्या तळाशी पाणी सुटलेले असते आणि फोडी आक्रसलेल्या असतात. एका भांड्यात पाणी आत गेले, दुसऱ्या भांड्यात बाहेर आले. हे पाणी कोण ओढतो आणि कोण ढकलतो? आपल्या आया-आज्या हे शतकानुशतके पाहत आल्या. पण त्याचा उलगडा होण्यास युरोपातील विद्वानांना दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाची हकीकत या लेखात सांगावयाची आहे. ती केवळ परीक्षेपुरती नाही. उमापूर ज्या गेवराई तालुक्यात आहे, तेथील शेतकऱ्याच्या पोटाशी तिचा संबंध आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

प्रथम स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे नाव घ्यावे लागेल. लंडनजवळच्या टेडिंग्टन या गावी ते राहत. धर्मकार्यातून वेळ काढून झाडांना तराजूत तोलण्याचा त्यांना नाद होता. सूर्यफुलाचे सुमारे साडेतीन फूट उंचीचे रोप कुंडीत लावून त्यांनी कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले, म्हणजे पाणी उडाले तर ते फक्त पानांतूनच उडावे. मग सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन घेतले. दिवसाच्या बारा तासांत ते एकटे रोप सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी हवेत सोडत होते. तोडलेल्या द्राक्षवेलीच्या खुंटाला पाऱ्याची नळी जोडून वर चढणाऱ्या रसाचा जोरही त्यांनी मोजला. १७२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. झाड किती पाणी पिते याला त्यांनी आकडा दिला. पण मुळाच्या आत पाणी शिरतेच का, हे कोडे राहिले.

त्या कोड्याची किल्ली एका भलत्याच प्रयोगात सापडली. १७४८ साली आबे नोले हे फ्रेंच पदार्थवैज्ञानिक द्रव पदार्थ उकळतात कसे याचा अभ्यास करीत होते. दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्याला हवा लागू नये म्हणून त्यांनी त्याच्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची कातडी घट्ट बांधली आणि भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतात तो कातडी फुगून तट्ट झालेली. टाचणी टोचताच आतून कारंजे उडाले. पाणी कातडीतून आत गेले होते, पण अर्क तितक्या सहजी बाहेर येत नव्हता. नोले यांनी हे लिहून ठेवले आणि आपल्या मूळ कामाकडे वळले. पुढे पाऊणशे वर्षे या निरीक्षणाचा फारसा पाठपुरावा झाला नाही.

ते काम आँरी द्युत्रोशे यांनी केले. हे नेपोलियनच्या काळी फौजेत डॉक्टर होते. स्पेनच्या मोहिमेत विषमज्वराने गाठले, नोकरी सोडावी लागली आणि ते खेड्यात येऊन राहिले. तेथे साधा सूक्ष्मदर्शक घेऊन ते तासन् तास बसत. अगदी सूक्ष्म पिशव्यांत पाणी शिरते आणि आतला दाट द्रव एका टोकाने बाहेर ढकलला जातो, हे त्यांच्या नजरेस पडले. मग त्यांनी कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यांत गोंदाचे वा साखरेचे पाणी भरून तेच घडवून दाखविले. १८२६ च्या सुमारास त्यांनी या दोन ओढींना आत जाणारी आणि बाहेर येणारी अशी वेगळी नावे दिली. पाणी पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे जाते आणि सजीवांतील पाण्याच्या हालचालीचे मूळ येथे आहे, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. कारण म्हणून त्यांनी प्रारंभी विजेचे नाव घेतले, ते मात्र चुकीचे ठरले.

या क्रियेस मराठी विश्वकोशात ‘तर्षण’ म्हटले आहे, शालेय पाठ्यपुस्तकांत ‘परासरण’ असा शब्द आहे. विद्यार्थ्यांनी परीक्षेत पाठ्यपुस्तकातलाच शब्द लिहावा. परंतु तर्षण या शब्दात ‘तृष्’ म्हणजे तहान हा धातू दडलेला आहे, म्हणून प्रस्तुत लेखकाला तो अधिक आवडतो. पेशीची तहान, असा त्याचा सरळ अर्थ.

आता वनस्पतीची पेशी कशी असते ते थोडक्यात पाहू. बाहेर पेशीभित्तिका, ही जाड आणि चिवट. तिला आतून चिकटून पेशीपटल. मध्यभागी रिक्तिका नावाची पाण्याची थैली, तीत साखर, क्षार, आम्ले विरघळलेली. पेशीपटल पाण्याला वाट देते, विरघळलेल्या पदार्थांना सहसा देत नाही. बाहेरचे पाणी आतल्या रसापेक्षा पातळ असेल तर पाणी आत शिरते, रिक्तिका फुगते आणि भित्तिकेवर रेटा देते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की टायर जसा टणक होतो, तशी पेशी ताठ होते. हा दाब किरकोळ समजू नका. कोवळ्या पानाच्या पेशीत तो मोटारीच्या चाकातील हवेच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. पालेभाजीला लाकूड नसते. ती उभी राहते ती या पाण्याच्या जोरावर. बाजारच्या दिवशी भाजीवाली मावशी मेथीच्या सुकलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडते आणि जुड्या पुन्हा टवटवीत दिसू लागतात, त्याचे कारण हेच. (खारकेच्या बाबतीत वाळलेला गर स्पंजासारखे पाणी शोषतो, हेही त्यात मिसळलेले असते. ती पेशी काही जिवंत नव्हे.)

उलट, बाहेरचे पाणी आतल्या रसाहून दाट असेल तर पेशीतले पाणी बाहेर निघते. रिक्तिका लहान होते, पेशीपटल भित्तिकेपासून सुटते आणि आतला जीवरस गोळा होऊन बसतो. यालाच रससंकोच म्हणतात. १८५५ मध्ये नेगेली यांनी हे दृश्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केले. हा संकोच मोजण्याचे साधन म्हणून वापरण्याची कल्पना मात्र ह्यूगो डी व्रीज या डच वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्यांनी जांभळ्या रसाच्या पेशी असलेल्या ऱ्हिओच्या पानाची पातळ साल घेतली आणि ती सोऱ्याच्या, साखरेच्या व इतर क्षारांच्या निरनिराळ्या ताकदीच्या द्रावणांत ठेवली. ज्या द्रावणात जांभळा रस भित्तिकेपासून नुकताच सुटू लागतो, त्याची ओढ पेशीच्या ओढीइतकी असली पाहिजे. १८८४ मध्ये त्यांनी हे मापन प्रसिद्ध केले. एवढासा पानाचा पापुद्रा त्यांच्या हाती तराजू बनला. आजही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुले तेच पान घेऊन तोच प्रयोग करतात.

डी व्रीज यांच्याआधी दोन जणांनी पाया घातला होता. एक मोरिट्झ ट्राऊबे. हे ब्रेस्लाऊ शहरी घराण्याचा मद्याचा व्यापार सांभाळीत आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र करीत. १८६७ मध्ये त्यांनी दोन रसायनांच्या संयोगातून असा पापुद्रा तयार केला की जो पाणी सोडतो, साखर सोडत नाही. दुसरे विल्हेल्म फेफर. त्यांनी तो नाजूक पापुद्रा सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत बसविला, म्हणजे दाब आला तरी फाटू नये. १८७७ मध्ये त्यांनी दिलेला एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे: शेकडा एक साखरेच्या पाण्याने सुमारे साडेत्रेपन्न सेंटिमीटर पाऱ्याइतका दाब निर्माण केला. पाण्याच्या भाषेत हा सात मीटरांहून उंच स्तंभ झाला. चहात आपण याहून कितीतरी जास्त साखर घालतो!

ॲमस्टरडॅमला डी व्रीज यांचे सहकारी होते व्हॅन्ट हॉफ. त्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, एकदा प्रयोगशाळेतून बाहेर पडताना त्यांना डी व्रीज पती-पत्नी भेटले आणि बोलता बोलता डी व्रीज यांनी फेफर यांच्या आकड्यांचा उल्लेख केला. व्हॅन्ट हॉफ यांनी ते आकडे तपासले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की विरघळलेला पदार्थ पाण्यात जो दाब दाखवितो, तो वायूच्या नियमानेच चालतो. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. एक अडचण उरली होती: सोऱ्यासारखे क्षार साखरेच्या मानाने सुमारे दीडपट जास्त ओढ का दाखवितात? क्षाराचे कण पाण्यात फुटून दोन होतात, हे उत्तर १८८७ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी दिले. म्हणजे मिठाचा एक कण पाण्यात दोघांचे काम करतो. शेतकऱ्याने ही गोष्ट विसरू नये, कारण येथून आपण प्रयोगशाळा सोडून शेताच्या बांधावर येतो.

१९७२ चा दुष्काळ बीड जिल्ह्याच्या जुन्या पिढीने भोगला. खडी फोडणे, सुकडी, दावणीतून गेलेली जनावरे, हे सारे घराघरांत सांगितले जाते. तेव्हा तहान होती ती पाणी नसल्याची. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली होती, धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी केले. पैठणहून निघालेला उजवा कालवा शेवगाव, गेवराईच्या बाजूने माजलगावकडे १३२ किलोमीटर जातो. ज्यांच्या शिवारात पाट आला त्यांना आकाशाकडे डोळे लावून बसण्यातून सुटका मिळाली, हे खरेच. कापूस, बाजरी, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. आणि काही वर्षांनी काही शेतांत एक वेगळीच तहान दिसू लागली. जमीन ओली, बुडख्याशी चिखल, आणि पिकाची पाने दुपारच्या आत माना टाकतात, कडा करपतात. वाफ्याच्या उंचवट्यावर पांढरा थर फुटतो. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडले, आणि आणखी एक पाळी देतो.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. निरा नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीकडच्या भारी काळ्या जमिनींना बारमाही पाणी मिळाले. पाव शतकाच्या आत तेथे खारवट पट्टे इतके वाढले की पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांना १९१० मध्ये निरा खोऱ्यातील खारजमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. जायकवाडीचा पाया घालण्याच्या पंचावन्न वर्षे आधी, याच दख्खनच्या काळ्या मातीवर, हे सारे लिहिले गेले होते. तरी जायकवाडीच्या लाभक्षेत्रात पाणथळ आणि क्षारपड जमिनी झाल्याच. पाट आणण्याचा उत्साह असतो, निचऱ्याचा चर खणण्याचा नसतो. कारण पाटाचे उद्घाटन होते, चराचे होत नाही.

मीठ येते कोठून? काही मातीतच असते, काही पाण्याबरोबर येते. हिशेब करून पाहा. समजा एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत; चवीला हे पाणी गोडेच लागेल. वर्षात एका हेक्टरवर एक मीटर उंचीचे पाणी दिले तर ते एक कोटी लिटर होते, म्हणजे पाच टन क्षार. पीक पाणी पिते, पण मीठ बहुतांशी मागे ठेवते. सूर्य पाणी उडवितो, मीठ उडवीत नाही. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसाचे पाणी ते खाली वाहून नेते. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरते सावकाश. वरून पाळ्यांवर पाळ्या दिल्या की भूजल वर चढते, आणि मग दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खारे पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागाशी येऊन वाळते. अशी जमीन मुळाशी लोणच्याची बरणी होते. मातीतील पाणी मूलरोमाच्या रसाइतके दाट होत गेले की मुळाची ओढ संपते. पाणी आहे, पण ते पिकाचे नाही.

अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये घालून दिलेल्या मापानुसार, भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची विद्युतवाहकता ४ डेसिसायमेन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट समजावी. या पातळीवर मातीच्या पाण्याची ओढ जवळजवळ दीड वातावरणदाब असते. वाफशाला तेच पाणी निम्म्यावर येते तेव्हा ओढ दुप्पट होते, आणि माती सुकू लागली की चौपट. त्यावर पिकापिकांत फरक आहे. पिकांच्या सहनशक्तीची जी कोष्टके मास आणि हॉफमन यांच्या पद्धतीने मांडली गेली, त्यांत कपाशीचे उत्पन्न ७.७ पर्यंत, ज्वारीचे ६.८ पर्यंत घटत नाही. उसाचे मात्र १.७ च्या पुढेच घटू लागते. हा आकडा आमच्या भागातील प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावा असे वाटते. खारेपणा झेलणारी कपाशी-ज्वारी कोरडवाहूत होती; पाटाबरोबर आम्ही नेमके ते पीक आणले, जे सर्वांत जास्त पाणी मागते आणि मीठ सर्वांत कमी सोसते.

दजला आणि फुरातच्या दुआबात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हे फार पूर्वी घडून गेले. जेकबसन आणि ॲडम्स यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले की दक्षिणेकडील त्या पाटपाण्याच्या शेतांत प्राचीन काळी गव्हाचे प्रमाण घटत गेले आणि खारेपणा अधिक सोसणारे जव वाढत गेले. पुढे अब्बासी काळात बसऱ्याजवळ जमिनीवरचा खारा थर खरवडून काढण्यासाठी आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबविले जात. त्यांच्या हालांतून ८६९ साली झंज लोकांचे बंड पेटले, ते ८८३ पर्यंत चालले. इतिहासाच्या पुस्तकात ते राजकीय बंड म्हणून येते. त्याच्या मुळाशी मिठाचा थर होता, हे सहसा सांगितले जात नाही.

शोधाची कथा अजून एका वळणाने पुढे गेली. पेशीपटल चरबीयुक्त असते. मग त्यातून पाणी इतक्या वेगाने कसे जाते, हा प्रश्न शतकभर रेंगाळला होता. अमेरिकेतील पीटर ॲग्रे रक्तगटाशी संबंधित प्रथिनांचा अभ्यास करीत असताना त्यांच्या हाती एक अनोळखी प्रथिन लागले. १९९२ मध्ये त्यांनी ते बेडकाच्या अंड्यात तयार करविले. साध्या पाण्यात ठेवताच ते अंडे फुगून फुटले, शेजारचे साधे अंडे तसेच राहिले. ती पाण्याची दारे होती. पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या रिक्तिकेच्या पटलावरही अशी दारे सापडली. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल ॲग्रे यांना विभागून मिळाले. परंतु दारे कितीही असोत, पाणी कोणत्या दिशेने जायचे ते दार ठरवीत नाही. ते आत-बाहेरच्या ओढीवर ठरते. नोले यांच्या कातडीवर जो नियम लागू होता, तोच येथे लागू आहे.

शेतात यावर उपाय आहेत, जादू नाही. उताराच्या बाजूला खोल चर काढून भूजल खाली उतरवावे, मग गोड्या पाण्याने वा पावसाने मीठ धुऊन चरात जाऊ द्यावे. चर नसताना जास्त पाणी देणे म्हणजे आगीत तेल. जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली असेल, तर नुसते धुऊन भागत नाही. माती परीक्षण करून जिप्सम द्यावे लागते, ताग-धैंचा गाडावा लागतो. खारवट जमिनीत पाण्याच्या पाळ्या हलक्या पण लवकर लवकर द्याव्यात, माती सुकून मीठ दाट होऊ देऊ नये. खत बुडख्याला ढीग करून टाकू नये. युरिया रोपाला चिकटून पडला की रोप करपते, तेही लोणच्याच्याच न्यायाने. विद्यापीठाच्या पुस्तिकांत हे सर्व आहे. पण आमचे अनेक शेतकरी बांधव त्या वाचत नाहीत आणि त्यांची मुले ‘परासरण म्हणजे काय?’ या प्रश्नाला तीन गुण मिळवून मोकळी होतात. एकाच घरात रोग बापापाशी आणि निदान मुलापाशी, मध्ये फक्त ओसरी.

म्हणून आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम. आपल्या शेतातील जेथे पीक खुरटते तेथली माती एका मडक्यात घ्या, बांधाजवळची किंवा उंचवट्यावरची चांगली माती दुसऱ्यात. दोन्हींच्या तळाला भोक पाडा. प्रत्येकात मेथीचे पन्नास दाणे पेरा आणि एकाच विहिरीचे सारखे पाणी द्या. कोणत्या मडक्यात कितव्या दिवशी किती दाणे उगवले ते वहीत लिहा. मग खराब मातीच्या मडक्यात भरपूर पाणी ओतून ते तळातून निथळू द्या, असे चार-पाच वेळा करा, आणि पुन्हा पन्नास दाणे पेरा. दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडून वही अब्बांना दाखवा.